खांबापुढचं थांबलेलं पाणी

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजचे सत्कारमूर्ती इंजिनीयर नूर मोहम्मद साहेब, त्यांच्या पत्नी शकिलाबाई, आणि चामोर्शीकडून चिखल तुडवत आलेल्या बंधूभगिनींनो,

साहेबांच्या पुलाविषयी जाणकार बोलले. मी घाटावरच्या शाळेचा मास्तर, मला पुलातलं काय कळणार? मी एका बाईविषयी बोलणार आहे. तिला विचारूनच आलो आहे.

पुलाचे गोल खांब नुकते उभे राहिले होते, माणसं अजून डोंग्यानंच नदी ओलांडत होती, तेव्हाची गोष्ट. भर पुरात एक डोंगा खांबावर आदळून फुटला. बाकीचे कसेबसे काठाला लागले. सोमाजी आणि त्याची बायको रुखमाबाई मात्र धारेच्या जोरानं खांबाच्या वरच्या अंगालाच दाबले गेले. खांबाच्या माथ्यावरून साहेब ओरडत होते, की मधोमध राहा, बाजूला सरकू नका. दोर खाली पोचेपर्यंत सोमाजी गेला होता. रुखमाबाई तेवढी वर आली.

सोमाजी पट्टीचा पोहणारा. त्यामुळे गावात कुजबुज सुरू झाली, की त्यानं बायकोचा हात सोडला आणि स्वतःचा जीव वाचवायला निघाला. आणि मंडळी, रुखमाबाईलाही तेच वाटत होतं. हात सुटताना तिनं पाहिला होता ना! तिनं त्याचं तेरावं केलं, पण पुढं घरात त्याचा विषय निघाला की ती उठून जाई. मेलेल्या नवऱ्यावर राग धरून दिवस काढायचे, याहून वाईट वैधव्य कोणतं?

हे मी साहेबांच्या कानावर घातलं. पाणी ओसरल्यावर त्यांनी मला आणि रुखमाबाईला ओढ्यावर बोलावलं. धारेत एक गोल ओंडका उभा रोवला आणि वरच्या अंगानं धानाचा कोंडा सोडला. ओंडक्याच्या अगदी समोर आलेला कोंडा मंदावला, थबकला. जरा बाजूनं आलेला मात्र ओंडक्याच्या कुशीला लागताच सुसाट निघून गेला. त्या थबकण्याच्या जागेला गणितात स्तब्धबिंदू म्हणतात, असं साहेब मला म्हणाले. पुस्तकातल्या, घर्षण न धरलेल्या पाण्यात तसा एक खांबाच्या मागेही असतो; खऱ्या पुरात मागे नुसते भोवरे. आणि दोन्ही कुशींना पाणी नदीच्या जवळजवळ दुप्पट वेगानं धावतं.

मग ओंडक्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “बाई, तुम्ही इथं होता.” बोट वीतभर कुशीकडे सरकवलं. “सोमाजी इथं होता.”

रुखमाबाईनं पुन्हा कोंडा सोडायला लावला.

“म्हंजे त्यानं माहा हात नाई सोडला?”

साहेबांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर कोण अडवणार होतं? पण ते म्हणाले, “तिथं कुणाचाच हात टिकला नसता, बाई. पाण्याचं मी सांगू शकतो. त्याच्या मनातलं मला नाही सांगता येत.”

“तेवढं पुरे हाय,” ती म्हणाली.

घरी जाऊन तिनं मुलांना जवळ घेतलं आणि त्यांच्या बापाचं सगळं सांगितलं. ते ऐकायला मी नव्हतो. ओढ्याकाठी साहेबांजवळ बसलो होतो. ‘दोर थोडा आधी पोचायला हवा होता,’ असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आज रुखमाबाई इथे नाही. इकडे यायचं तर पूल ओलांडावा लागतो. तिनं माझ्याजवळ निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत पोचवतो: “साहेबाले म्हना, त्या पुलावर माहा पाय पडत नाई. पन मनात कोनाचाच राग नाई.”

साहेब, घाटावरच्या सगळ्यांतर्फे मी आपले आभार मानतो. आनंदाच्या समारंभात हा विषय काढला, कुणाचं मन दुखावलं असेल तर पदरात घ्यावं, आणि मला खाली बसायची परवानगी द्यावी.