जयपुरात घासलेली जर्मन लेन्स

आमचं मूळ गाव कोरेगाव, जिल्हा सातारा, पण ते नुसतं सांगायला. वडील केंद्र सरकारच्या ऑफिसात कारकून, बदलीवर जयपूरला आले, परतीची बदली मिळालीच नाही, मग आम्ही इथलेच झालो. मी दत्ताराम. जुन्या इमारतींचे फोटो काढणारा एक सरकारी विभाग आहे, तिथे कॅमेरे आणि लेन्सा साफ करतो, तीस वर्षं झाली. कागदावर आजही अस्थायी. दर सहा महिन्यांनी सही करायची की मी तात्पुरता आहे. केस पिकले, दात पडले, तात्पुरतेपण काही जात नाही. लिहा तुम्ही हे, असंच लिहा.

तर ती लेन्स. जर्मनीची, आमच्या कपाटातली सगळ्यात जुनी. मला काम शिकवलं ते जोशीसाहेबांनी, विभागाचे मुख्य फोटोग्राफर, ते ती बनवणाऱ्या कंपनीची गोष्ट अशी सांगायचे जशी स्वतःच्या घराण्याची. एका नदीकाठच्या गावात छोटा कारखाना निघाला, आधी माणसांचे चेहरे टिपायच्या लेन्सा, मग लांबचं जवळ आणणाऱ्या, मग सिनेमाच्या पडद्यासाठी. मोठं युद्ध झालं, देशाचे दोन तुकडे झाले, कारखाना पूर्वेच्या तुकड्यात राहिला आणि सरकारजमा झाला. आमची लेन्स त्याच काळातली. चंदेरी नळी, आत फक्त तीन काचा, आणि उजेड कमी-जास्त करायला पंधरा पाकळ्या, मतलब एवढ्या की मिटताना गोल फुलासारख्या मिटतात. लेन्स उघडली की प्रत्येक काचेच्या कडेला पेन्सिलीने बाण काढायचा, तोंड कुठे ते कळावं म्हणून. हे जोशीसाहेबांनी शिकवलं. काचेला काही झालं तर काय करायचं, ते नाही शिकवलं.

काय सांगू तुम्हाला, नोकरीचं तिसरं वर्ष होतं, आमेरच्या किल्ल्यात काम होतं, वाळू उडत होती, आणि मी पुढची काच साध्या फडक्याने पुसली. ओरखडा उठला. केसाएवढा. तेवढ्याने फोटो बिघडत नाही हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा डोळ्यासमोर एकच, अस्थायी माणूस, चौकशी नाही, नोटीस नाही, उद्यापासून येऊ नको. जयपूरचा माणूस अशा वेळी काय करणार, इथे गल्लोगल्ली पन्ने-माणकं घासतात. गेलो रत्नं घासणाऱ्या सलीमभाईंकडे, त्यांच्या चाकावर पाणीदार पन्ना मी पाहिला होता. त्यांनी काच उजेडात धरली आणि म्हणाले, भैया, इस पर जामुनी झलक है, ये दाग है या माल? मी म्हटलं दाग है, घिस दो. ते पुन्हा म्हणाले, सोच लो. मी म्हटलं, घिस दो ना.

माल होता तो. त्या जांभळ्या थरानेच समोरून आलेला उजेड आवरला जातो. ओरखडा गेला, थर गेला, काचेची गोलाईही थोडी गेली. काच चमकत मात्र अशी होती, अंगठीत बसवावी. पुढच्या फोटोंत आकाशाकडून सगळं दूध सांडल्यासारखं. जोशीसाहेबांनी लेन्स फिरवून पाहिली आणि एवढंच म्हणाले, जर्मन मालही आता तसा राहिला नाही. मी लेन्स कपाटात ठेवली. ते निवृत्त झाले, पुढे वारले, तरी मी सांगितलं नाही. ज्यांनी ती घडवली त्यांना इथे बसून मी बदनाम केलं. नंतर वाचलं, दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि तो कारखानाच बंद पडला, कामगार घरी, नुसतं नाव विकलं गेलं. त्यांनाही कुणी विचारलं नसेल.

आता नवीन फोटोग्राफर आली आहे, अदिती, इथेच विद्याधर नगरला राहते, वडील बँकेत, मराठी अडखळत बोलते पण बोलते. तिने कपाटातून तीच लेन्स काढली आणि नाचायलाच लागली, काका, ये धुंद, हे धुकं बघा ना, हे जर्मन लोकांचं जादू आहे! प्रदर्शन लावणार, खाली तसंच लिहिणार. आणि हो, म्हणे आता त्या जुन्या नावाने नवीन लेन्सा निघतात, जुने दोष मुद्दाम ठेवून, महागाच्या. मला हसूही येईना. माझी सही चार दिवसांवर आलेली. पण सत्तावीस वर्षं हे लपवून ठेवलं, थकलो हो मी. म्हटलं, पोरी, जादू नाही ती, मी घासून आणली आहे. सगळं सांगितलं, सलीमभाईंनी दोनदा विचारलं होतं तेसुद्धा.

तिने काच उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, काका, तुम्हाला भीती नाही वाटली? म्हटलं, वाटते ना, अजून वाटते.

सहीचा कागद अजून आलेला नाही. येईल, नाही तर नाही येणार. अदितीने प्रदर्शनात लेन्ससुद्धा मांडली आहे आणि खाली लिहिलं आहे, घडण जर्मनीची, पुढची काच जयपुरात घासलेली, दत्ताराम, लेन्स कारागीर. अस्थायी लिहायला ती विसरली असेल. सरकारी भिंतीवर माझं नाव पहिल्यांदाच लागलं, तेही चुकीपायी. पोरीचं भलं होवो.