पिनबॉलवरची तीन अक्षरं

ताई : अरे, तुझ्या गेम पार्लरमधली एकवीस मशिनं निमूटपणे दाराशी जाऊन उभी राहिली आणि या एकट्याला तू मिठी मारून बसलायस. लेक सासरी पाठवतोयस की भंगार?

भाऊ : भंगार म्हणू नकोस, ताई. पिनबॉल आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा.

ताई : मी अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची आहे. मला नाही कोणी काचेखाली ठेवलं.

मिस्त्री : भाऊ, तीन वाजता गाडी येतेय. मागचं झाकण उघडून सेल काढायला मला पाच मिनिटं लागतील. पाचच.

भाऊ : सेलला हात लावायचा नाही, मिस्त्री.

मिस्त्री : घेणाऱ्याची अटच आहे तशी. रस्त्यात सेल पाझरले तर आतला बोर्ड खाऊन टाकतात. बाकी सगळ्यांचे काढले तेव्हा टॉर्च धरून तुम्हीच उभे होतात की.

भाऊ : बाकीच्यांच्या पोटात काही नव्हतं.

ताई : आणि याच्या पोटात काय आहे, सातवा महिना?

भाऊ : सगळ्यात जास्त गुणांचा रेकॉर्ड आहे. त्या तीन सेलांवर जिवंत आहे तो. सेल काढले की मशीन सगळं विसरतं.

ताई : किती शहाणं मशीन! इतकी वर्षं त्याच्याशेजारी बसून तू काहीच शिकला नाहीस.

मिस्त्री : ताई, राहू द्या.

ताई : काय राहू द्या? सात वर्षं झाली बाईसाहेबांना जाऊन. दुसरा नवरा, दुसरं गाव, जुळी मुलं. आणि हा माझा सख्खा भाऊ रोज दुपारी फडकं घेऊन तिच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं पुसतोय.

भाऊ : काच पुसतो मी. अक्षरं आतून लुकलुकतात.

ताई : बरं बाबा, काच. देवघरातसुद्धा एवढी स्वच्छता नसते.

मिस्त्री : भाऊ, एक बोलू? मशीन घेणारा माणूस चांगला आहे. जपेल. आणि तुम्हाला ते ठेवायचं कुठे? परवापासून इथे व्यायामशाळेवाले यायचेत. आरसे लावायला माणसं येऊन मापं घेऊन गेली.

ताई : बघ. जिथे माणसं बसून बिअर पीत होती तिथे आता माणसं जागच्या जागी पळणार. पोचणार कुठेच नाहीत म्हणा. पण तसं इथे तरी कोण कुठे पोचलं?

भाऊ : तू आज मदतीला आलीस की मीठ चोळायला?

ताई : दोन्ही. डबा आणलाय, तो मदतीत धर.

भाऊ : हे मशीन मी विकत नाहीये. संपलं. घेणाऱ्याला सांगा, एकवीसच मिळतील.

मिस्त्री : त्याला हेच हवं होतं, भाऊ. बाकीची एकवीस तो यासाठी घेतोय.

भाऊ : मग एकही नेऊ नका म्हणावं.

ताई : वा! दुकान बंद, जागा दिलेली, गाडी वाटेत, आणि आमचे महाराज रुसून बसले. अरे, कशासाठी? कुठल्या तरी बुधवारी नऊ वर्षांपूर्वी तिने एक लोखंडी गोळी चार मिनिटं खाली पडू दिली नाही, म्हणून? संसार मात्र खाली पडला, तेव्हा हात नाही लावला तिने.

भाऊ : ती परत आली होती.

ताई : कोण?

भाऊ : ती. परत आली होती इथे. तुम्हाला दोघांनाही माहीत नाही. मी कधी बोललो नाही.

मिस्त्री : कधी... कधी आली होती?

भाऊ : सहा वर्षं झाली. मी शिडीवरून पडलो, पायाला प्लॅस्टर होतं, सहा आठवडे ताईकडे होतो, आठवतंय? तेव्हा.

ताई : तुला कोणी सांगितलं?

भाऊ : मशीनने. तिचा रेकॉर्ड होता चार कोटी बारा लाख छत्तीस हजार चारशे दहा. मी कुबड्या घेऊन परत आलो, पहिल्यांदा इथे आलो, तर आकडा पाच कोटी एकोणसाठ लाख. आणि पुढे तिचीच तीन अक्षरं. मला माझा फोन नंबर येत नाही, ताई, पण तो आकडा पाठ होता. आपोआप वाढतो का आकडा?

मिस्त्री : नाही. आपोआप नाही वाढत.

भाऊ : म्हणजे ती आली. मी नाही असं बघून आली असेल. एक डाव खेळली, स्वतःचाच रेकॉर्ड मोडला, नाव टाकलं आणि गेली. निरोप होता तो.

ताई : काय निरोप?

भाऊ : की ती येऊ शकते. की कुठेतरी अजून... जाऊ दे. तुला कळायचं नाही. तू कधी कशाची वाट बघितली नाहीस.

मिस्त्री : ताई...

ताई : गप्प बसा, मिस्त्री.

भाऊ : म्हणून चार वाजता दार उघडायचो. रोज. ताप असला तरी. कॉलेजसमोरची जागा मिळत होती, तीही नाही घेतली. म्हटलं, ती यायची आणि इथे दुसरंच काही असायचं.

ताई : थांब. कॉलेजसमोरची जागा तू यासाठी सोडलीस? मला म्हणालास, तिथे पार्किंग नाही.

भाऊ : पार्किंगही नव्हतं.

ताई : आणि शाळेतल्या बाई? माझी मैत्रीण? तीन वेळा तुला जेवायला बोलावलं, तुमची गाठ घालून दिली. तिला तू आवडला होतास, मेल्या. तुझे ते रद्दी विनोद ऐकून ती खरंच हसायची. तिला नाही म्हणालास ते...

भाऊ : कसा हो म्हणणार? इकडे पाच कोटी एकोणसाठ लाख.

ताई : अगं आई गं.

मिस्त्री : ताई, आता सांगायला हवं. मी सांगतो. चूक माझी आहे.

भाऊ : कसली चूक?

मिस्त्री : भाऊ, मी सगळ्यांना काय शिकवतो? सेल बदलायचे ते मशीन चालू ठेवून. बंद मशीनचे सेल काढायचे नाहीत. तीस वर्षं हेच सांगत आलो. तुम्ही ताईंकडे होतात तेव्हा मला वाटलं, भाऊ येईपर्यंत सगळ्यांना नवे सेल घालून ठेवू. त्या दिवशी फरशी धुतली होती, पाणी होतं, म्हणून मेन स्विच खाली केला. आणि सवयीने झाकण उघडलं, जुने काढले, नवे घातले. मग स्विच वर केला.

भाऊ : आणि?

मिस्त्री : आणि मशीन कोरं. कारखान्यातून आलं तेव्हाचे आकडे. वहिनी गेल्या.

भाऊ : गेल्या म्हणजे?

मिस्त्री : पुसल्या गेल्या. मी इथे, या स्टुलावर बसून रडलो, भाऊ. तुम्ही तेव्हा जेवत नव्हतात, कोणाशी बोलत नव्हतात. एकदा ताईंना म्हणाला होतात, माझ्याकडे तिचं तेवढंच राहिलंय. मी ताईंना फोन केला.

ताई : आणि मी म्हटलं, मूर्ख माणसा, एक आकडा आणि तीन अक्षरं, परत टाका की. मला काय माहीत! हे म्हणाले, टाकता येत नाही. मशीन नाव फक्त खेळून रेकॉर्ड मोडणाऱ्यालाच विचारतं.

मिस्त्री : मला मशीन उघडता येतं. खेळता येत नाही. बॉल सोडला की तो उडवायच्या दोन्ही पट्ट्यांच्या, फ्लिपरच्या मधून सरळ घरी.

भाऊ : मग कोण खेळलं?

ताई : मिस्त्री, पंखा लावा जरा.

भाऊ : ताई, कोण खेळलं?

ताई : शिवणाच्या क्लासला जात होते ना मी तेव्हा. दुपारची. दोन ते चार.

भाऊ : शिवणाचा... तरीच! सहा आठवड्यांत एक रुमाल नाही शिवलास!

ताई : तू विचारलंस एकदा. मी म्हटलं, अजून काजं चालू आहेत.

भाऊ : तू? तू खेळलीस? तू या मशीनला काय म्हणायचीस? पत्र्याची म्हैस!

ताई : म्हैसच आहे. दोन आठवडे नुसत्या लाथा खाल्ल्या मी तिच्या. मग जमायला लागलं. डावीकडचा फ्लिपर जरा उशिरा मारायचा, बॉल वर रॅम्पला चढतो. आणि मशीनला धक्का द्यायचा तो कमरेने, हाताने नाही. हाताने दिला की डाव बंद पडतो.

मिस्त्री : हात काय सुंदर होता हो ताईंचा! मी पाना हातात धरून नुसता बघत राहायचो.

ताई : तुम्ही तर बोलूच नका. तुम्ही म्हणालात, चार कोटी बाराच्या जरा वर गेलं की सोडून द्या, बॉल पडू द्या. भाऊंच्या लक्षात नाही यायचं.

मिस्त्री : मग का नाही सोडलात? मी ओरडत होतो, ताई, बास, ताई, बास.

ताई : सोडवेना.

भाऊ : काय?

ताई : सोडवेना म्हटलं ना! तीन बॉल एकदम आले होते. दिवे लागत होते, घंटा वाजत होत्या, आणि सगळं माझ्या दोन बोटांवर चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. घरात माझ्या हातून कप निसटला तर चार जण बोलतात. इथे काही निसटतच नव्हतं. तर म्हटलं, जाऊ दे कुठवर जातंय ते.

भाऊ : पाच कोटी एकोणसाठ लाख.

ताई : बेचाळीस हजार. आणि वर सातशे वीस.

मिस्त्री : दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं प्लॅस्टर निघालं. परत पुसून परत खेळायला वेळच नव्हता. म्हटलं, आठ आकडी नंबर, कोणाच्या लक्षात राहतोय.

भाऊ : म्हणजे सहा वर्षं मी तुझी वाट बघत होतो.

ताई : माझी?

भाऊ : रोज चार वाजता दार उघडून तुझी वाट बघत होतो. आणि तू रोज साडेसातला डबा घेऊन येत होतीस. आणि मला टोमणे मारत होतीस. की हा वेडा अजून वाट बघतोय!

ताई : मला काय ठाऊक तू असा अर्थ लावशील? मी तुझं दुःख राखायला गेले आणि तुला आशा लावून बसले. शाळेतल्या बाईंची गाठ मीच घालायची आणि मीच इथे त्यावर पाणी फिरवायचं. मला मेलीला हे आत्ता कळतंय, तुझ्याबरोबर.

भाऊ : एकदा सांगायचंस, ताई. एकदा.

ताई : काय सांगणार होते? की तुझ्या बायकोपेक्षा दीड कोटीने पुढे आहे मी?

मिस्त्री : एक कोटी सत्तेचाळीस लाख.

ताई : तुम्हाला आत्ताच हिशेब सुचतोय?

भाऊ : सेल काढा, मिस्त्री.

मिस्त्री : नक्की, भाऊ?

भाऊ : नक्की. ती आलीच नव्हती. मग कशाला राखायचं? काढा आणि द्या पाठवून. मला आता त्या अक्षरांकडे बघवतसुद्धा नाही.

ताई : थांबा. हात लावू नका.

भाऊ : आता तुझं काय? मघापासून तूच मागे लागली होतीस ना?

ताई : मघाशी तो रेकॉर्ड तिचा होता.

भाऊ : मग?

ताई : आता माझा आहे. सांगून झालं ना आता. माझा आहे तो. शाळेत मी कधी पहिल्या दहात आले नाही. तुझं कौतुक व्हायचं, धाकट्याचं कौतुक व्हायचं, मी तुमचे डबे भरायचे. अख्ख्या जन्मात एकदाच माझा पहिला नंबर आला आणि तोही मी त्या सटवीच्या नावावर टाकला. स्वतःच्या हाताने. एक एक अक्षर दाबून. घरी जाऊन कोणाला सांगायची सोय नाही. सहा वर्षं रोज इथे येते, तिचं नाव बघते, आणि तुला बोल लावते. कोणाला लावत होते ते माझं मला माहीत.

मिस्त्री : मलाही माहीत होतं, ताई.

ताई : तुम्ही पाना आवरा तुमचा.

भाऊ : मिस्त्री, आकडा तसाच ठेवून नुसतं नाव बदलता येतं का?

मिस्त्री : नाही, भाऊ. रेकॉर्ड मोडला तरच विचारतं. नाहीतर सेल काढून कोरं करू, मग ताई एक साधा डाव खेळल्या तरी पहिल्या येतील.

ताई : काही नको कोरंबिरं. मोडायचा तर तोच मोडेन.

मिस्त्री : पण गाडी आली की सेल काढावेच लागणार. दहा मिनिटंसुद्धा राहायचं नाही तुमचं नाव.

ताई : राहायला कोणाला हवंय? एकदा लागलेलं बघू दे.

भाऊ : लावा स्विच, मिस्त्री.

ताई : आणि तू उभा राहू नकोस माझ्या डोक्यावर. मला सवय नाही कोणी बघायची.

भाऊ : मी बघणार. सहा वर्षं वाट बघितलीय, ताई. आता तू आलीयस तर बघू दे.

ताई : चष्मा कुठे ठेवला मी? हा. पर्स धर. आणि तोंड बंद ठेव, हरले तरी आणि जिंकले तरी.

[आत दिवे लागतात. बाहेर ट्रकचा हॉर्न. भाऊचा फोन वाजतो.]

भाऊ : हॅलो... हो, ऐकू आला हॉर्न. लावा दारातच. बाकीची चढवायला घ्या तुम्ही... नाही, ते कोपऱ्यातलं आत्ता नाही. थांबावं लागेल... किती ते नाही सांगता येत हो. त्यावर गिऱ्हाईक आहे.