लिंबावरून गेलेली गाडी

हसू नका, पण माझी गाडी लिंबानं मोडली. शंभर वर्षांपूर्वीच्या रेसच्या गाडीचं ते मॉडेल मी तीन वर्षं बनवत होतो. हातभर लांब, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, एकेका चाकात साठ तारा, साऱ्या हातानं ओवलेल्या. माझा नियम एकच: जुन्या फोटोत जे न्हाई, ते माझ्या गाडीत न्हाई.

आमच्या बाबांनी सारी उमर सेनगावला सवाऱ्या नेणारी जीप चालवली. ते तीन वर्षं मला एकच विचारायचे, "झालं का तुझं खेळणं?"

दसऱ्याच्या सकाळी गाडी पुरी झाली. मी आंघोळ करून येऊन पाहतो, तर बाबांनी तिला हळदीकुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला, अन् पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलेलं. खरं लिंबू, चाकाच्या निम्म्याएवढं!

"बाबा, थांबा!" म्हणेस्तोवर त्यांनी गाडी ढकलली. लिंबाला काहीच झालं न्हाई. चाक मोडलं.

मी रडायच्या बेतात. बाबांनी वाकून चाक पाहिलं, मग गाडीच्या मागं पाहिलं, अन् माझ्यावरच भडकले.

"स्टेपनी कुठं हाय?"

"रेसच्या गाडीला नसते, बाबा. फोटोत पण न्हाई."

"काहून नसते? स्टेपनीबिगर मी कधी गाडी अड्ड्यावरून हलवली न्हाई. तू गाडी बनवली का खेळणं?"

सध्या मी दोन चाकं बनवून राहिलो. एक पुढचं, अन् एक फोटोत नसलेलं, मागं टांगायला.