पोहायचं पोलकं

—नाई नाई, ब्लाउज नोका म्हनू त्याले, मारोतराव. ब्लाउज असता तं मापाचं पोलकं पाठवून देलं असतं न मी घरी बसली असती. हे येगळं हाये. वरून पोलकं, खालून चड्डी, न मधात जोडून सारं एकच — समजलं? नाई समजलं. तोंड पाहा कसं झालं तुमचं! अर्ध्या मालेगावचे कपडे शिवता तुमी, न लाजता कायले? तुमी शिवनार, मी घालनार, लाज वाटली तं मले वाटाले पायजे, न मले तं काई वाटून नाई राह्यली. गळा बंद ठेवा. बाही अर्धी — अर्धी चालते म्हने, इचारून घेतलं मी. खालून मांडीपावतर. न शिवन दुहेरी टाका, पान्यात उसवलं तं हैद्राबादेत तुमाले कुठी धुंडत फिरू? हे घ्या कापड, काळी साटीन हाये, वाशीमवरून आनली. इथं घेतली असती तं कापड फाडाच्या आंधी गावाले मालूम झालं असतं का शेठानी काळं नेऊन राह्यली. — थांबा, मधात बोलू नोका. मधात कोनी बोललं का माहा धागा तुटते.

हो, हैद्राबाद. तेच तं सांगून राह्यली. हिवाळ्यात मी पोरीकडं अकोल्याले गेलती, हेबी संग होते. हे म्हंजे आमचे हे — दुकानाच्या पाटीवर नाव लिवलं हाये थे वाचा, मी काई घेत नाई. तं अकोल्याले पोहाचा हौद हाये, निळा, तळ दिसते — मले पयले कसंतरीच वाटलं, तळ दिसते थे कायचं पानी? तठी चाळिशी वलांडलेल्या लोकायची शर्यत होती. पोरगी मजाकीत म्हने, माय, उतरतं काय? मी म्हनलं, उतरते. कासोटा घातला, पदर कंबरीले खोचला, न मारली उडी. आता मी विहिरीत पोहनारी बाई. विहीर गोल. थ्या विहिरीत सरळ कुठी जाता येते? जनम गेला गोल गोल फिरन्यात. तशीच वळत वळत गेली मी शेजारनीच्या पट्ट्यात, कोनी डाक्टरीन होती, तिच्या अंगावरच. थे वरडली, मी पान्यातूनच हात जोडले, न वापस आपल्या पट्ट्यात आली — न तरीबी पयली आली! भिजून लुगडं मनभर झालं होतं, तरीबी! तिथले सर म्हने, बाई, तुमी हैद्राबादले पायजे, पोळा झाला का तठी पूर्ण देशातले चाळिशीवाले पोहाले येतात, पन लुगडं चालनार नाई. मी म्हनलं, लुगड्याचं मी पाहून घेते. म्हून तुमच्याकडं आली. आता पाहा कसं पाहाचं थे.

लोक काय म्हनतीन? तुमी म्हनाच्या आंधीच म्हनून राह्यले. मंदिरात आमचे मिश्रीलालजी हायेत न, त्याईनं परवा सभामंडपात चारचौघात म्हनलं — अंगुरीबाई, आपल्या धर्मात जलक्रीडा पाप हाये, पान्याच्या थेंबात जीव असतात, तुमी हात-पाय मारता न किती जीव मरतात! मी म्हनलं, मिश्रीलालजी, पानी मी रोज गाळून भरते. गाळलेल्या फडक्यावर जो जीव राह्यते त्याले ज्या विहिरीतून आनला त्याच विहिरीत हळूच वापस सोडते, लग्न होऊन आली तवापासून सोडून राह्यली. त्या विहिरीतले जीव मले वळखतात. तुमची फटफटी चौमास्यात राती भुर्रकन जाते, तिच्या दिव्यावर पाखरं मरतात थे तुमाले वळखतात काय? बाया हसल्या खदखदा. मिश्रीलालजीचं तोंड एवढंसं झालं. मी काई धर्म बुडवला नाई, मारोतराव. दिवस बुडाच्या आंधी जेवते, कांदा-लसून शिवत नाई, उपास करते. पन मी पोहते. दोन्ही करते. ज्याले जमत नसन त्यानं नोको करू.

मिश्रीलालजीचं मी मनावर घेत नाई. मले लागलं थे घरचं लागलं. ह्या चौमास्यात महाराज आले न आपल्या गावात — तं प्रवचन सुरू होतं, मी बायाइच्या अंगाले बसली होती, न आमचे हे उठून उभे राह्यले. हात जोडले न म्हने, महाराज, मले दिशेचा नियम द्या, दिवाळीपावतर मी गावाची शीव वलांडनार नाई. दिवाळीपावतर! न शर्यत पोळ्याले! मले इचारलं नाई, सांगतलं नाई. भर सभेत नियम घेतला, सारे म्हने, वा वा, शेठ, धन्य हाये. मी तठीच समजली. बाईले बांधाचं असलं का दोर लागत नाई — आपन खुंटा होऊन गाडून बसा, बाई आपोआप तठीच राह्यते. नवरा वाशीमच्या टेशनावर येऊ शकत नाई, तं बायको एकटी हैद्राबादले कशी जाईन? सरळ ‘नोको जाऊ’ म्हनाची हिंमत नाई, म्हून देवाले मधात घातलं! तवापासून मी त्याईच्याशी बोलत नाई. ताट वाढते, पानी देते, बोलत नाई.

पन मी जाते. एकटी जाते. काहून नाई? वाशीमवरून गाडीत बसाचं, पूर्नेले बदलाचं, पुढं झोपून जाचं, सकाळी हैद्राबाद. दशम्या बांधून नेते, गाळनं नेते, लोटा नेते. कोनी इचारलं तं सांगते — हो, एकटी हाये, कुठी लिवलं हाये का बाईनं एकटीनं जाऊ नाई? केनवडले माहेर माहं. लहानपनी आमच्या मळ्यात मोटेवाल्याची बायको होती, मोतीबाई, तिनं सुका भोपळा पाठीले बांधून मले विहिरीत ढकललं न वरून म्हने, हात मार, कोनी येनार नाई. कोनी आलं नाई. मी हात मारले. तवाबी एकटीच होती न? मंग आता काय —

आता काय म्हंजे… कसं हाये, मारोतराव, आता काठावर कोनी नसलं का मले बरोबर नाई वाटत. नाई, भेव नाई. भेव कायचं. आदत पडली. हे येतात न रोज सकाळी विहिरीवर. मी पोहत असली का काठावर उभे राह्यतात, सुकं लुगडं खांद्यावर टाकून. दुकान उघडाले उशीर होते, गिराईक बाहेर खोळंबते, पन मी वर येईपावतर हलत नाई. पयले असे नोते. पयले कधी विहिरीकडं फिरकले नाई, लाज वाटे त्याईले, बायको पोहते म्हून. बहात्तरच्या दुष्काळापासून येऊन राह्यले. — काहून म्हंजे? असंच. विहीर आटली होती तवा, गाळ काढला. गाळात वरोटा सापडला.

वरोटा हो. पाट्यावरचा. माह्या सासूचा हरवला होता — लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्साले — केवढा तमाशा झाला होता त्याच्यावरून! मोलकरनीवर आळ घेतला, शेजाऱ्यापाजाऱ्याइच्या घरी जाऊन पाटे पाहून आली सासू. वरोटा कोनी चोरीन काय, तुमीच सांगा? पाटा एक अन् वरोटा दुसऱ्याचा, कोनाचा वाटला जाते त्याच्यावर? तो चोरीले गेलाच नोता. माह्या पदरात बांधला होता मी. कंबरीले घट्ट. … आता तोंडातून निघालंच तं आयका. माहं पयलं पोर दीड महिन्याचं होऊन गेलं. पोरगा होता. सासू बारा दिवस काई बोलली नाई, तेराव्या दिवशी ताट वाढता वाढता म्हने, पोटचं खाल्लं, आता आनखी काय खातं? मी जेवली. भांडे घासले. वरोटा घेतला न विहिरीवर गेली. बस. मनातबी काई नोतं, रडूबी नोतं.

पन एक गोस्ट मले मालूम नोती, मारोतराव. पोहता येनाऱ्या बाईले विहिरीत जीव देता येत नाई. मी खाली गेली, लय खाली, कान दुखाले लागले, न हातानं गाठ सोडली. मी नाई सोडली, हातानं सोडली. ओल्या कापडाची गाठ सुटत नाई, घरी तुमी-आमी दातानं सोडतो, पन त्या दिवशी सुटली. वर आली. लुगडं पिळलं, घरी गेली, म्हनलं पाय घसरला. न दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली विहिरीवर — मराले नाई, पोहाले. भर दुपारी, साऱ्याइच्या देखत. गावात बोंब झाली, शेठची सून विहिरीत पोहते! पोहते तं पोहते. त्या विहिरीनं मले वापस धाडलं होतं, आता कोनाच्या बापाची हिंमत होती मले तिच्यापासून दूर ठेवाची? सासूनंबी कधी टोकलं नाई. तिले कळलं होतं का नाई देव जाने.

त्याईले नोतं कळलं. मले वाटे नाईच कळनार. मंग दुष्काळात गाळ काढाले हे सोता उभे होते, टोपलीत थे निघालं. गाळ होता त्याच्यावर, कोनालेबी दगड वाटला असता, पन त्याईनं हाती घेतला. आपल्या हातानं धुतला — दुष्काळात, प्याले पानी नोतं, न हे बसून वरोटा धुऊन राह्यले! मी घरातून पाहून राह्यली होती. घरी आनला, पाट्यावर ठेवला. मी म्हनलं आता इचारतीन. नाई इचारलं. म्हने, आज जवसाची चटनी कर. मी केली. दोघायनं खाल्ली. मंग पाऊस झाला, विहीर भरली, न पयल्या दिवशी मी पान्यात उतरली तं हे काठावर उभे. तवापासून रोज उभे. त्याईनं इचारलं नाई, मी सांगतलं नाई. मी बुडी मारली न मले वर याले उशीर झाला का त्याईचा चेहरा पाहा तुमी. म्हून मीबी बुडी मारत नाई आता. वरच्या वर फिरते, त्याईले दिसन अशी.

तं आता समजलं तुमाले त्या नियमाचं? भेले थे. घरच्या विहिरीवर पहारा देऊन राह्यले इतके वर्स, न हैद्राबादले कोन देईन? मी एकटी गेली न वापस आलीच नाई तं? आता अशा मानसाले कसं सांगू का मी बुडाले नाई जाऊन राह्यली, पोहाले जाऊन राह्यली? मी पन्नाशीची झाली, मले नातवंडं हायेत, मले पयलं याचं हाये! त्या डाक्टरनीले मले सरळ पट्ट्यात हरवाचं हाये! … खरं सांगू, कापड आनलं पन गाडीत बसाची हिंमत होईन का नाई मले मालूम नाई. सकाळी वाटते जाते, सांजेले वाटते नोको, थे मानूस काठावर एकटंच उभं राहीन न विहिरीत कोनी नसन. जाऊ का नोको? सांगा. — नाई, नोका सांगू. मी जातेच. कोनाच्या भेवानं मी कधी काई सोडलं नाई, त्याईच्याबी भेवानं सोडनार नाई.

काय, कवापासून तोंड उघडून राह्यले तुमी? मासोळीवानी उघडता न मिटता. बोला एकदाचं. माप कमी पडते काय?

…कोन आलतं?

कवा? काल? काल तं मी मंदिरात होती. — कायले? …माहं पोलकं घेऊन? मापाले? थे निळं, संदुकीतलं? मी पूर्ण घर पालथं घातलं त्याच्यासाठी! …न काय शिवाले टाकलं?

हट. मजाक नोका करू, मारोतराव. त्याईले चड्डी-पोलकं असं म्हनताबी येनार नाई. …चित्र काढून दाखवलं? दुकानाच्या पुडीच्या कागदावर?

थांबा. थांबा जरासं. पुन्हा सांगा, हळू सांगा. काय म्हनले थे — ‘मी संग गेलो का थे माह्याकडंच पाह्यते’? अकोल्यात? …अकोल्यात मी पाह्यत होती. दर हाताले पाह्यत होती, हे काठावर हायेत का नाई म्हून. म्हून तं वाकडी गेली त्या डाक्टरनीवर. …‘मले राहवनार नाई, मी मागं मागं जाईन, म्हून सोतालेच बांधून घेतलं’ — असं म्हनले? तुमाले म्हनले? तोंडानं?

मले नाई म्हनले न तुमाले म्हनले! एका घरात राह्यतो आमी, एका चुलीचं खातो, न शिंप्याच्या दुकानात येऊन बोलले!

…नाई, काई झालं नाई. मशीनचा धूर गेला असन डोळ्यात. — मशीनले धूर नसते? नसन. हसू नोका.

मंग दोन शिवा. कापड आनलंच हाये. एक घालीन, एक वाळत राहीन. न दोन्ही सारखे शिवा, घट्ट. आता मी जाते, दिवस बुडाले आला, ताट वाढाच्या आंधी मले त्याईच्याशी बोलाचं हाये — लय दिसाचं बोलाचं हाये. तुमी काय पाहून राह्यले माह्या तोंडाकडं? चालवा मशीन.