ॲसिडच्या टँकरची परीक्षा

वाशीच्या ट्रेनिंग सेंटरात ट्रान्सपोर्ट ऑफिसचे कागद घेऊन बसलेल्या नमिताच्या शेजारी टँकर ड्रायव्हर शिवा आणि त्याची बायको गोजरा बसले होते. तोंडी परीक्षा पास झाला तरच शिवाला ॲसिड न्यायची परवानगी वाढवून मिळणार होती.

“टँकर गलायला लागला तर?” गोजरा त्याची तयारी करून घेत होती.

“गाडी थांबवीन, लोकांना लांब करीन.”

“आनि तुमी?”

“मी टाकीचा वॉल बंद करीन.”

“नाय! तुमी पन लांब. मागं हात भाजला, इसरलात?”

“बरं बाय, मी पन लांब.”

शिवा आत गेला. गोजराची नजर दारावरून हटेना, आता नमिताचीही. दहा मिनिटांनी तो हसत बाहेर आला.

“पास! पन एक उत्तर चुकलं.”

“कंचं?”

“साहेबांनी विचारलं, पयला फोन कोनाला करशील? मी बोललो, गोजराला.”