चारही टायर सारखे असलेली पांढरी पिकअप

नाव तूबा, पतीचे नाव यदुल्ला, आडनाव शाहसवारी, वय ४९ वर्षे, धंदा मधमाशीपालन व चेरीची बाग, राहणार सियाहदरे, अलमूत खोरे, जिल्हा कझवीन.

मी स्वतः घाटाखालच्या पोलीस चौकीत हजर होऊन, हवालदारसाहेबांनी विचारले त्याप्रमाणे सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती यदुल्ला व धाकटे दीर कियूमर्स असे एकत्र राहतो. पती पूर्वी मालट्रक चालवीत. दोन वर्षांपासून त्यांची मूत्रपिंडे काम करीत नाहीत. आठवड्यातून तीनदा त्यांना कझवीनच्या रुग्णालयात डायलिसिसला न्यावे लागते. त्यांचे हात सुजतात, म्हणून गाडी आता दीर चालवतात. गाडी जुनी जीप असून फोर-व्हील ड्राइव्ह आहे. रस्त्यात बादगाह घाट लागतो. दुसरा रस्ता हिवाळ्यात बंद असतो.

यंदा बर्फ पडण्याआधी जीपला नवे टायर घ्यायचे ठरले. पतीला बाजारात फिरवत नाही, म्हणून मी व दीर कझवीनला गेलो. निघताना पतीने मला जवळ बसवून सांगितले होते की, टायरच्या कडेवर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी अशी खूण असली पाहिजे. कडेवर छापलेल्या नुसत्या अक्षरांवर जाऊ नकोस. अंगठ्याने दाबून पाहा, थंडीतही रबर मऊ लागले पाहिजे. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर वस्तऱ्याने कापल्यासारख्या बारीक चिरा असल्या पाहिजेत. रुंद घेऊ नकोस. आणि चारही सारखे. हे शेवटचे त्यांनी दोनदा सांगितले.

दुकानात त्या मापाचे हिवाळी टायर दोनच होते. बाकीचे दोन मागवून देतो असे दुकानदार म्हणाला. दिराला मोठ्या दातांचे, चिखलात चालणारे रुंद टायर आवडले होते. ते म्हणाले, "वहिनी, हे बघा, रेड्याच्या खुरासारखे आहेत. याच्यापुढे बर्फ काय करणार? आणि आपली गाडी चारही चाकांवर चालते." मी पतीचे म्हणणे सांगितले. दीर म्हणाले, दादा ट्रकच्या जमान्यातले आहेत. शेवटी हिवाळी दोन घेतले आणि खुरासारखे दोन घेतले. हिवाळी पुढे लावले, खुरासारखे मागे. दुकानदार नको म्हणत होता. दिरांनी ऐकले नाही. मीही जास्त बोलले नाही, कारण गाडी तेच चालवतात आणि एरवीही आमच्यासाठी तेच पळत असतात.

घरी आल्यावर पतीने काठी टेकत जीपला एक फेरी मारली. ते दिराला म्हणाले, "इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो रे. पण थांबायचं असतं ते रबरावर. पुढचे थांबतील आणि मागचे त्यांना ओलांडून जाऊ बघतील." दिरांनी पुढच्या खेपेला बदलून घेतो असे म्हटले. त्यानंतर चार दिवस घाट बर्फाने बंद होता आणि पुढची खेप झाली नाही. त्यात पतीचा एक डायलिसिसही चुकला.

आज सकाळी घाट उघडला असे कळल्यावर आम्ही लगेच निघालो. पतीला रात्रीपासून दम लागत होता व आडवे होता येत नव्हते. त्यांना मागच्या सीटवर उशा लावून बसवले. मी शेजारी बसले होते. बर्फासाठी मागच्या दोन चाकांना साखळ्या गुंडाळल्या होत्या, त्यातली एक चढताना तुटली. दिरांनी दुसरीही काढून ठेवली व म्हणाले, आता उतारच आहे. पतीला बोलायला श्वास पुरत नव्हता. त्यांनी माझ्या मनगटाला धरले.

घाटमाथा ओलांडल्यावर वारा सुटला व बर्फ पडू लागला. उतारावरच्या दुसऱ्या वळणावर दिरांनी ब्रेकला पाय लावला. पुढच्या चाकांनी बर्फावर पकड धरली. मागची बाजू मात्र दरीच्या अंगाने फिरू लागली आणि जीप रस्त्यात आडवी झाली. मागचे डावे चाक रस्त्याच्या कडेखालच्या चरात गेले व तिथे अडकले. चराच्या पलीकडे काही नाही. कोणाला मार लागला नाही. जीप हलेना. फोन लागत नव्हता. दीर उतरून मागच्या चाकाजवळ, कडेपर्यंत जाऊन आले. पतीचे ओठ निळे दिसत होते.

काही वेळाने वरून एक पांढरी पिकअप आली. आम्हाला पाहून ती सावकाश थांबली. घसरली नाही, हे मी पाहिले. आत एकच इसम होता. दीर त्याच्याशी बोलू लागले. मी खाली उतरले आणि आधी त्याच्या गाडीचे टायर पाहिले. गुडघे टेकून, बर्फ पुसून पाहिले. चारही सारखे होते. चांदणीची खूण होती. चिरा होत्या. चालवणारा इसम खिडकीतून म्हणाला, "ताई, लोक आधी माणसाकडे बघतात, मग टायरांकडे." जीपमधून पतीने विचारले, "टायर कसले आहेत?" मी सांगितले. ते म्हणाले, "मग बसव मला."

पिकअपमध्ये चालवणाऱ्याशिवाय एकाचीच जागा होती. मागे उघड्या हौद्यात माल होता व त्यावर ताडपत्री होती. मी हौद्यात बसते म्हणाले. दीर म्हणाले, "वहिनी, खाली पोचेपर्यंत लाकूड व्हाल." तो इसमही नको म्हणाला. त्याने पतीला दोन्ही हातांनी उचलून सीटवर बसवले, लहान मुलाला बसवतात तसे. स्वतःचा कोट काढून त्यांच्या पाठीशी दिला. नंतर मला म्हणाला, "गाडीत बसून राहा. चालत निघू नका. यांना सोडतो आणि तुम्हाला न्यायला येतो." पतीने काच खाली करून मला काहीतरी सांगितले. वाऱ्यामुळे ते ऐकू आले नाही. पिकअप जीपच्या पुढून, डोंगराच्या अंगाने निघून खाली गेली.

त्या इसमाचे नाव विचारले नाही. गाडीचा नंबर पाहिला नाही. नंबरच्या पाटीवर बर्फ होता, तो पुसायचे माझ्या लक्षात आले नाही. पतीचा फोन जीपमध्येच राहिला, हेही पिकअप गेल्यावर कळले.

आम्ही जीपमध्ये बसून राहिलो. थर्मासमधला चहा संपला. जीप वाऱ्याने हलत होती. दीर म्हणाले, "वहिनी, तो चोर-डाकू असला तर?" मी म्हटले, चोर असला तर आजारी माणसाचे काय घेईल? ते म्हणाले, "हल्ली कुणाचं काय घेतात ते सांगता येत नाही."

दुपारच्या नमाजानंतर बर्फ काढणारे यंत्र वरून आले. त्याच्या चालकाने आम्हाला बळेच उतरवून आपल्या केबिनमध्ये घेतले. वरचा बर्फाचा कडा सुटण्याच्या बेतात आहे, इथे थांबाल तर मेलात, असे तो म्हणाला. मी म्हटले की आम्हाला न्यायला एक जण येणार आहे. तो म्हणाला, अशा दिवशी परत कोण येतो? आम्ही घाईत उतरलो. जीपचे दार लावले की नाही हे आठवत नाही. उतरताना वाटेत वर जाणाऱ्या दोन-तीन गाड्या बाजूने गेल्या असाव्यात. केबिनच्या काचा गोठलेल्या होत्या. मी पुसून पाहत होते, पण पांढऱ्यात पांढरे काही दिसले नाही.

यंत्राने आम्हाला घाटाखाली सोडले. फोन लागताच मी कझवीनच्या डायलिसिस विभागात विचारले. तिथल्या परिचारिका आम्हाला ओळखतात. यदुल्लाआगा आलेले नाहीत, असे त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा विचारले. आले नव्हते. एव्हाना पिकअप तिथे दोनदा जाऊन आली असती. मी आणखी दोनदा विचारल्यावर परिचारिका म्हणाल्या, "खानम, ते आले की मीच फोन करते. तुम्ही आता बसा कुठेतरी."

दीर माझ्यावर चिडले. ते म्हणाले, "टायर बघून माणूस ओळखतात का? नाव नाही, गाव नाही, भाऊ दिला माझा रस्त्यावरच्या माणसाला." मी म्हटले, माणूस ओळखायला वेळ नव्हता, तेवढेच पाहता आले. ते रस्त्यातच खाली बसले व हातांनी तोंड झाकून घेतले. म्हणाले की मागचे दोन टायर त्यांनी बदलले असते तर, वगैरे. मी त्यांना उठवून चौकीत आणले.

हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते की, पतीचे कोणाशी वैर नाही. जमिनीचा वाद नाही. अंगावर दागिना नव्हता. सदर इसमाचे वर्णन : वय पन्नासच्या आतबाहेर, अंगाने थोराड, लोकरी टोपी, मिशा, बोलणे आमच्या खोऱ्यातले नाही. डोळे कसे होते ते सांगता येत नाही. गाडीचे वर्णन : पांढरी पिकअप, टायर हिवाळी, चारही एकाच नमुन्याचे, रुंद नाहीत, नक्षी बाणाच्या टोकासारखी, चिरा अजून खोल, पुढच्या उजव्याच्या कडेवर दगडाचा जुना ओरखडा. हवालदारसाहेब म्हणाले, "बाई, तोंडाचं एवढं सांगितलं असतंत तर आत्तापर्यंत धरून आणला असता." आमच्या सांगण्यावरून त्यांनी "अनोळखी इसमाने पळवून नेल्याचा संशय" असे लिहिले. पळवून नेले हा शब्द दिरांचा आहे. मी त्या वेळी हरकत घेतली नाही.

येथे जबाब थोडा वेळ थांबला. चौकीतल्या शिपायांनी आसपासच्या सगळ्या दवाखान्यांत फोन लावले. घाटाच्या पायथ्यापासून आत असलेल्या एका लहान दवाखान्यातून उत्तर आले की, यदुल्ला नावाचा रुग्ण त्यांच्याकडे आला होता. वाटेत त्याची शुद्ध हरपू लागल्याने आणणाऱ्याने पुढे न जाता गाडी तिकडे वळवली. त्याला प्राणवायू दिला. नंतर दवाखान्याच्या रुग्णवाहिकेने कझवीनला पाठवला. रुग्णाला नातेवाइकांचा नंबर नीट सांगता येत नव्हता. त्यानंतर लगेच कझवीनच्या परिचारिकांचा फोन आला की पती पोचले आहेत व मशीनवर घेतले आहे. पतीने विचारले की तूबा खाली आली का. परिचारिकांनी हो सांगितले. ही बातमी ऐकून मी काय केले ते लिहिण्यासारखे नाही. हवालदारसाहेबांनी पाणी दिले.

नंतर मी विचारले की तो गाडीवाला कुठे आहे. दवाखान्यातला रखवालदार फोनवर म्हणाला की, तो चहासुद्धा न घेता परत घाटात गेला, वर दोन माणसं बसवून आलोय म्हणाला. कोट मात्र रुग्णाच्या अंगावरच राहिला.

घाट तासाभरापूर्वी बंद करण्यात आला होता. फाटकावरच्या माणसाने सांगितले की फाटक पडण्याआधी एक पांढरी पिकअप वर गेली आहे व खाली आलेली नाही. हवालदारसाहेबांनी रस्ता खात्याच्या वरच्या निवाऱ्याला वायरलेस लावला. बऱ्याच वेळाने उत्तर आले. निवाऱ्यातली दोन माणसे जीपपर्यंत गेली होती. पिकअप तिथे उभी होती. जीपचे दार उघडे, आत कोणी नाही, आणि पावलांचे अर्धे बुजलेले ठसे दरीच्या कडेकडे गेलेले, असे त्या इसमाने पाहिले होते. ते ठसे दिरांचे होते. त्याने आपल्या गाडीला दोर बांधला होता, दुसरे टोक कमरेला बांधून तो दरीत उतरला होता आणि हाका मारत होता. वर ये म्हटले तर येत नव्हता. बाई आणि तिचा दीर खाली पडले आहेत, त्यांच्या माणसाला शब्द दिला आहे, असे म्हणत होता.

मी हवालदारसाहेबांना म्हटले, मला बोलू द्या. नियमात बसत नाही असे ते म्हणाले व वायरलेस माझ्या हातात दिला. जीपजवळच्या माणसाने आपला वायरलेस दोराने त्या इसमाकडे खाली सोडला. मी म्हटले, "दादा, मी तूबा. यदुल्लाची बायको. आम्ही खाली आहोत. दोघंही. बर्फाच्या यंत्रातून आलो."

मग तो म्हणाला, "तुम्ही खाली आहात?"

मी हो म्हटले.

"मग ताई, मी इतका वेळ कुणाला हाका मारत होतो?"

मी त्याला सांगितले की पती पोचले, मशीनवर आहेत. त्याला म्हटले, वर ये, सावकाश ये, ब्रेकवर पाय देऊ नकोस. तो म्हणाला, "ते मला माहीत आहे." मग त्याचे नाव विचारले. हशमत, असे तो म्हणाला. आडनाव वाऱ्यात ऐकू आले नाही.

संशयाबाबतचे वाक्य मी खोडण्यास सांगितले. लिहिलेले खोडता येत नाही, खाली नवे लिहा, असे सांगण्यात आले. म्हणून लिहून देते की, सदर इसमाने माझ्या पतीस पळवून नेलेले नाही. पोचवले आहे. माझी त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. माझे दीर कियूमर्स यांचीही नाही. ते या वेळी चौकीबाहेर, फाटकाच्या दिशेने तोंड करून उभे आहेत व बोलावले तरी आत येत नाहीत.

वरचे सारे मला फारसीत वाचून दाखवले. मी बोलले तसेच ते आहे, त्यात कोणी घातले नाही की गाळले नाही. शेवटी अंगठा उमटवण्यास सांगितले असता, तो इसम खाली पोचल्याखेरीज उमटवणार नाही असे मी म्हटले. हवालदारसाहेबांनी शाईची डबी झाकून ठेवली. दिवेलागणीच्या सुमारास हशमत चौकीत आला. अंगात कोट नव्हता, हात दोराने सोलले होते. दिरांनी त्याला शेगडीजवळ बसवले व आपला कोट दिला. आता अंगठा उमटवते.