देवळाबाहेर काढलेले बूट

चहा घ्या, सांगतो. पण इंग्लंडला, रीडिंग गावात आमच्या घरी आलात तर आईसमोर हा विषय काढायचा नाही.

पेरूमधला तो इंका लोकांच्या जुन्या शहरापर्यंतचा ट्रेक दादाने स्वतःसाठी आणि वहिनीसाठी बुक केला होता. पण निघायच्या आधीच दादा वारला. वहिनीने ट्रेकच्या कंपनीला विचारून त्याच्या जागी माझं नाव घातलं.

तिसऱ्या दिवशी धुक्यात, अगदी कड्याच्या टोकाशी, दगडी भिंती दिसल्या. गाईड म्हणाला, "ही त्यांची पूजेची जागा."

मी विचारच केला नाही. बूट काढले आणि मोज्यांवर आत निघालो. दगड ओले होते. पहिल्याच पावलाला पाय सटकला आणि कमरेखालचा मी कड्याबाहेर लोंबकळायला लागलो. एक बूट माझ्याच लाथेने खाली गेला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही. "आई" म्हणून ओरडायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा निघाली.

गाईडने बॅगेचा पट्टा धरला, वहिनीने कॉलर. दोघांनी मला ओढून वर घेतलं.

गाईड धापा टाकत म्हणाला, "अरे, बूट का काढलेस?"

"देवळात बूट घालून कसं जायचं?"

वहिनी हसेल असं मला वाटलं. तिने फाडकन माझ्या थोबाडीत मारली. माझी कॉलर मात्र सोडली नव्हती.

"तुझा दादा गेल्याचा फोन आईंना मी केला होता," ती म्हणाली. "तसला दुसरा फोन माझ्याकडून होणार नाही."